पणजोबा बसऱ्याला गेले होते? मग त्यांचा खंदक असा शोधा

आमची आत्या सांगायची, "म्हातारा कुटाच्या लढाईत होता." लहानपणी मला वाटायचं, शेंगदाण्याच्या कुटाशी काहीतरी भानगड असणार. गावात भांडणाला काय, कूटही पुरतो. कुट म्हणजे कुट-अल-अमारा, टायग्रिस नदीच्या वळणात वसलेलं इराकमधलं गाव, हे मला चाळिशीत कळलं. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात, पहिल्या महायुद्धात, तिथे तुर्कांनी इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढा घातला होता. त्या वेढ्यात तीन मराठा पलटणी होत्या आणि त्यातल्या एकीत आमचे पणजोबा होते.

हे सगळं जुळवायला मला तीन वर्षं लागली. त्यातलं दीड वर्ष मी चुकीच्या पलटणीच्या मागे होतो. तुमचं ते दीड वर्ष वाचावं म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पणजोबांच्या नावाची जाडजूड फाईल कुठेतरी धूळ खात पडली आहे, ही आशा सोडा. साध्या शिपायाबद्दल स्वतंत्रपणे फार थोडं लिहिलं गेलं. पण त्याच्या पलटणीने कोणत्या रात्री काय केलं, किती पीठ मिळालं, पाणी कुठपर्यंत चढलं, हे लिहून ठेवलेलं आहे. पलटण सापडली की माणसाचा दिवस सापडतो. वाट तेवढी एकच आहे.

१. आधी घरातल्या पेट्या उघडा

इंटरनेटवर जाण्याआधी गावी जा. हे सगळं हवं:

- पदकं (मेडल), असतील तर
- पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा कागद, कुठलीही इंग्रजी शिक्का असलेली चिठ्ठी
- कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना नंबर १४ ची नक्कल. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी त्यात असतात, अनेकदा मोडी लिपीत
- भिंग, टॉर्च, बरा कॅमेरा असलेला मोबाईल
- स्वयंपाकघरातला वजनकाटा. हसू नका, पाचव्या पायरीला लागणार आहे

पदकाची कड हा सगळ्यात भरवशाचा पुरावा. पहिल्या महायुद्धाची साधारण तीन पदकं असतात: १९१४-१५ चा ब्राँझचा तारा, चांदीचं गोल ब्रिटिश वॉर मेडल, आणि पंखवाल्या देवतेचं व्हिक्टरी मेडल. गोल पदकांच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. टॉर्च आडवा धरा, म्हणजे अक्षरांच्या सावल्या पडतात आणि वाचता येतं. वॉर मेडल चांदीऐवजी ब्राँझचं निघालं, तर पणजोबा मजूर दलात किंवा पलटणीबरोबरच्या कामकऱ्यांत असण्याची शक्यता जास्त. त्यात कमीपणा नाही. खंदकापर्यंत पाणी पोचवणारा भिस्ती बंदूकवाल्याइतकाच गोळीच्या टप्प्यात असायचा.

पदक चिंचेने घासू नका. आमच्या आत्याने दर दसऱ्याला शस्त्रपूजनात पदकही चिंच आणि राख लावून लखलखीत केलं. चाळीसेक दसऱ्यांनंतर कडेवरचे नंबरचे दोन आकडे पार पुसले गेले होते.

आणि हुद्द्याबद्दल मन घट्ट करा. गावात पलटणीतून आलेला प्रत्येक माणूस 'सुभेदार' असतो. आमच्याकडे घराला 'सुभेदारांचं घर' म्हणतात. पदकाच्या कडेवर लिहिलंय 'सिपॉय'. महिना ११ रुपयांचा शिपाई. ही बातमी आत्याला मी अजून दिलेली नाही.

२. पलटणीचा नंबर लावा (मी इथेच फसलो)

घरात पेन्शनचा एक कागद होता. त्यावर '३/५ मराठा'. मी पाचचा आकडा बघितला आणि १०५ व्या मराठा पलटणीच्या मागे लागलो. दीड वर्ष.

खरा प्रकार असा. युद्धाच्या वेळी पलटणींचे नंबर शंभराच्या पुढचे होते. १९२२ मध्ये सगळी फेररचना झाली आणि मराठा पलटणी एकत्र करून '५ वी मराठा लाइट इन्फंट्री' ही एक रेजिमेंट केली. म्हणजे ३/५ म्हणजे पाचव्या रेजिमेंटची तिसरी पलटण. जुने-नवे नंबर असे जुळतात:

- १०३ वी झाली पहिली, 'जंगी पलटण'
- १०५ वी झाली दुसरी, 'काली पांचवी'
- ११० वी झाली तिसरी
- ११६ वी झाली चौथी
- ११७ वी झाली पाचवी, 'रॉयल'
- ११४ वी झाली दहावी, बेळगावची प्रशिक्षण पलटण

म्हणजे आमचे पणजोबा ११० वीत. यातल्या १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी कुटच्या वेढ्यात होत्या.

दुसरा सापळा याच्याच शेजारी आहे. वेढ्याच्या शेवटी फौज शरण गेली, तेव्हा या तीन पलटणी जवळजवळ अख्ख्या कैद झाल्या. मग नवी भरती घालून त्याच नावाने त्या पुन्हा उभ्या केल्या गेल्या. त्यामुळे पणजोबा १९१७ ला भरती झाले असतील, तर पदकावर '११० वी' असूनही त्यांनी कुटचा वेढा पाहिलेला नाही. भरतीचं साल मिळवल्याशिवाय घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही जाहीर करू नका.

सगळेच मराठा पलटणीत होते असंही नाही. घरात 'फ्रान्स' शब्द पक्का असेल तर खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सकडे बघा. त्यांच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यू शापेल गावावर चाल केली होती आणि तिथे त्यांची धूळधाण झाली. १९१७ ला उभी केलेली आणि १९२१ ला मोडलेली १११ वी महार पलटण महार कुटुंबांनी तपासावी. कोकणातले पणजोबा बोटीवर खलाशी असतील, तर मुंबईच्या इंडियन सेलर्स होममधलं स्मारक बघा. समुद्रातच गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची स्मृती तिथे आहे.

३. नाव आणि जिल्हा 'साहेबाच्या कानाने' लिहा

नोंदी करणारा कारकून ऐकेल तसं लिहायचा. शिंदेचा 'सिंदा', पवारचा 'पोवार', जाधवचा 'जाधाव' किंवा 'जादू', मोरेचा 'मोराय'. मधे वडिलांचं नाव नसतं, नुसतं नाव आणि आडनाव. नावही 'रामचंद्र' नाही, 'रामा'. मी एका कागदावर आमच्या आडनावाची इंग्रजीत अकरा स्पेलिंग लिहिली आणि एकेक टाकत गेलो. आठव्याला लागलं. मराठा शब्दाचं स्पेलिंगसुद्धा तेव्हा वेगळं होतं, मधे एक 'एच' आणि दोन 'टी' घालून, 'महरट्टा' वाचता येईल असं. आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर निम्म्या नोंदी दिसणारच नाहीत.

जिल्हे तर पार बदललेत. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत नव्हताच. मालवण, देवगड तेव्हा रत्नागिरीत होते आणि सावंतवाडी हे वेगळं संस्थान होतं. रायगड म्हणजे कुलाबा. आजच्या सांगलीतली बरीच गावं साताऱ्यात. फलटण, औंध, भोर, कोल्हापूर ही संस्थानं. गाव तेच, पत्ता वेगळा.

४. कुठे कुठे ठोठवायचं

*कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन.* यांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. पण इथे फक्त मेलेल्यांची नोंद आहे, तीही, पहिल्या महायुद्धापुरती, ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातल्यांची. पणजोबा घरी परत आले असतील, तर इथे नाव न मिळणं ही चांगली बातमी आहे. 'इंडियन फोर्सेस' आणि पलटण निवडून शोधा. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका असतो.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्यांसाठी बसरा स्मारक आहे, चाळीस हजारांवर माणसांचं. त्याच्या भिंतीवर नाव शोधायला जाऊ नका. इंग्रज शिपायांची नावं कोरली, आपल्या शिपायांचे मात्र पलटणीमागे नुसते आकडे. या वागणुकीत भेदभाव होता हे कमिशनने स्वतः २०२१ च्या अहवालात मान्य केलं. नावं नोंदवहीत आहेत, म्हणून शोध घ्यायचा तो नोंदवहीत. बाकी हे स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं.

*लंडनचं नॅशनल आर्काइव्ह्ज.* इथे 'डब्ल्यूओ ९५' ही मालिका म्हणजे पलटणींच्या आणि ब्रिगेडच्या (काही पलटणी मिळून एक ब्रिगेड, काही ब्रिगेड मिळून एक डिव्हिजन) युद्ध-रोजनिशा. तुमचं खरं घबाड हेच. पलटणीची मिळाली नाही तर ब्रिगेडची घ्या, ती नाही तर डिव्हिजनची. ११० वी पलटण १८ व्या ब्रिगेडमध्ये होती, १०३ वी १७ व्या आणि ११७ वी १६ व्या.

*अभिलेख पटल.* दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं पोर्टल. खातं उघडा आणि 'कुट', 'प्रिझनर्स', 'मेसोपोटेमिया' असे शब्द इंग्रजीत टाका. शोधयंत्र जरा आडमुठं आहे. एकावेळी एकच शब्द द्या.

*आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस.* १९१४-१८ च्या युद्धकैद्यांच्या कार्डांची छायाचित्रं त्यांनी ऑनलाइन ठेवली आहेत. पान-पान उलटावं लागतं. रविवार काढा.

*बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटर.* साध्या कागदावर पत्र पाठवा: नंबर, नाव, पलटण, गाव, तुमचं नातं. आधी पत्र, मग फोन, मग भेट. थेट फाटकावर जाऊन उभं राहू नका. तो मूर्खपणा मी केलेला आहे, आणि पहाऱ्यावरच्या जवानाने मला पाणी पाजून सभ्यपणे परत पाठवलं.

एका एजंटाने मला 'सर्व्हिस रेकॉर्ड काढून देतो' म्हणून चार हजार रुपये घेतले आणि कमिशनच्या फुकट पानाची प्रिंट दिली. असे भेटतील.

५. रोजनिशीतून त्यांचा दिवस उभा करा

रोजनिशी हातात आली की पहिल्यांदा निराशा होते. 'रात्र शांत. १ ठार, ३ जखमी.' एवढंच. अधिकाऱ्याच्या घाईच्या अक्षरातली ही ओळ फोडून वाचायला शिकावं लागतं. एक मोठी वही घ्या, एका पानावर एक आठवडा लिहा, आणि प्रत्येक पानावर चार प्रश्न विचारा: पायाखाली काय होतं? पोटात काय होतं? पाणी कुठून येत होतं? झोप किती?

पायाखालून सुरू करू. 'खंदक' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर किल्ल्याभोवतीचा खंदक येतो. तो विसरा. नळाची पाइपलाइन टाकायला रस्त्यात खणतात तसला चर, तोही गाळाच्या सपाट जमिनीत. दगड नाही, झाड नाही, आडोसा नाही. नोव्हेंबरात बगदादजवळ टेसिफोनची लढाई करून, मागे हटत, मजल दरमजल करत ही फौज ३ डिसेंबरला कुटला पोचली. झोपेचं खोबरं झालेलं. आणि लगेच हातात कुदळ-फावडं. तीन बाजूंनी नदी होती, चौथ्या बाजूच्या, उत्तरेच्या तोंडावर खणत राहायचं. सुरुवातीला चर गुडघ्याएवढाच, म्हणून दिवसा सरपटत किंवा ओणव्याने चालायचं आणि रात्री खोल करायचं. ज्याने विहिरीवर काम केलंय त्याला हे कळेल: उभं राहून खणणं वेगळं आणि ओणव्याने, माती पाठीवरून मागे टाकत खणणं वेगळं.

ईशान्य कोपऱ्यात मातीच्या भिंतीचा एक किल्ला होता. १०३ वी तिथल्या शिबंदीत होती. २४ डिसेंबरला तुर्कांनी तोफांनी भिंत पाडली आणि खिंडारातून आत घुसले. हातबॉम्ब आणि संगिनींची झुंज झाली, हल्ला परतवला गेला. त्यानंतर तुर्कांनी मोठे हल्ले सोडून दिले आणि उपाशी मारायचं ठरवलं. तुमचे पणजोबा १०३ वीत असतील तर ही रात्र वहीत लाल शाईने लिहा.

आमची ११० वी नदीपलीकडे होती, १२० व्या पलटणीबरोबर. लोकरीचे गठ्ठे दाबायच्या यंत्रावरून इंग्रजांनी 'वूलप्रेस व्हिलेज' म्हटलेल्या मातीच्या घरांच्या वस्तीत. मुख्य फौज पैलतीरावर, मधे टायग्रिस, जाणं-येणं बोटीने आणि तेही अंधारात. वेढ्याच्या आत आणखी एक वेढाच म्हणा.

जानेवारीत पाऊस आणि पूर. रोजनिशीत 'वॉटर', 'बंड', 'फ्लडेड' हे शब्द वाढायला लागतात. 'बंड' म्हणजे बांध, साहेबांनी हिंदुस्थानातच उचललेला शब्द. रात्रभर बांध घालायचे, सकाळी नदी ते फोडायची. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तरेचे पुढचे चर इतके भरले की दोन्ही बाजूंची माणसं उघड्यावर आली. तुर्कही भिजले आणि मागे सरकले. गारठा असा की रात्री दहिवर पडायचं. ओल्या कांबळ्या वाळवायला जागा नाही, जाळायला लाकूड नाही. पाय पाण्यात राहून सुजायचे, कातडी पांढरी पडून सुटायची. भातलावणीत चार दिवस चिखलात उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यांत काय होतं ते आठवा. इथे आठवडेच्या आठवडे होते, आणि संध्याकाळी घरी येऊन शेकायला चूल नव्हती.

पाण्याची गंमत बघा. एवढी नदी उशाशी, पण घोटभर पाण्यासाठी माणूस मरायचा. पलीकडच्या काठावर तुर्की नेमबाज बसलेले. भिस्ती पखाल भरायला वाकला की गोळी. मग पाणी भरायचं रात्री. रोजनिशीत 'फॉलोअर्स' या शब्दापुढे जखमींचा आकडा दिसला, तर त्यात हे भिस्ती आहेत हे लक्षात ठेवा.

झोपेचं गणित सोपं आहे. पहाटे उजाडताना आणि संध्याकाळी अंधार पडताना सगळे बंदूक घेऊन उभे, कारण हल्ल्याची वेळ तीच. दिवसा डोकं वर काढायचं नाही. रात्री खणणं, पहारा, पाणी, शिधा. उरलेल्या वेळात उवा मारायच्या आणि डुलकी काढायची.

आता वजनकाटा काढा.

वेढ्याच्या सुरुवातीला शिधा बरा होता. जानेवारीत गावातल्या घरोघरी झडती घेऊन लपवलेला जव बाहेर काढला, म्हणून तर वेढा एप्रिलपर्यंत लांबला. पण डाळ गेली, तूप गेलं, भाजीचं नाव नव्हतं. जव दळायला धड सोय नव्हती. गिरणीचे दगड विमानातून टाकावे लागले. पीठ जाडंभरडं, कोंड्यासकट, पोट सोलून काढणारं. एप्रिलच्या उत्तरार्धात धान्य माणशी दिवसाला चार औंसांवर आलं होतं.

चार औंस म्हणजे ११३ ग्रॅम. मी एका रविवारी जवाचं पीठ आणून तेवढं मोजलं. परातीत ते इतकं केविलवाणं दिसतं की बायको म्हणाली, "वाटी चुकली का?" मळून थापलं तर एक जाडसर भाकरी झाली, आणि वर बोटभर गोळा उरला. दिवसभराचं एवढंच. पोटात तेवढं घालून रात्री बांध घालायचा.

घोड्याचं आणि खेचराचं मांस होतं. इंग्रज शिपायांनी ते जानेवारी-फेब्रुवारीतच खायला सुरुवात केली. आपल्या बहुतेकांनी नाही. हिंदुस्थानातल्या पंडित-मौलवींकडून बिनतारी संदेशाने परवानगी मागवली, ती आलीही. तरी माणसं अडून बसली. घरी गेल्यावर भाऊबंदकी काय म्हणेल, पंक्तीला बसवतील का, मुलींची लग्नं होतील का, ही भीती तुर्कांच्या तोफेपेक्षा मोठी होती. हे वाचून हसणाऱ्यांनी १९१६ सालचं आपलं गाव डोळ्यासमोर आणावं. शेवटी एप्रिलमध्ये सक्तीचे हुकूम आल्यावर हजारोंनी खाल्लं, पण तोपर्यंत फार उशीर झाला होता. ताजी भाजी-फळं न मिळाल्याने होणाऱ्या स्कर्व्ही रोगाने हिरड्या सुजून रक्त यायचं, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडायच्या. माणसं चरांच्या आसपास उगवणारा कुठलाही पाला खुडून शिजवायची, त्यातला काही विषारीही निघाला. तंबाखू संपल्यावर वापरलेली चहापत्ती वाळवून ओढायची.

शेवटी शेवटी पलटणींची पाळी बदलणंही अवघड झालं, कारण पुढच्या चरापासून मागच्यापर्यंत चालत येण्याइतकं त्राण उरलं नव्हतं. रोजनिशीत 'नो रिलीफ' असं दिसलं, तर त्याचा अर्थ आळस असा लावू नका.

या सगळ्यात एक गोष्ट मला सगळ्यात जड गेली. खाली नदीकाठाने सुटकेची फौज येत होती आणि तिच्या तोफांचा आवाज कुटमध्ये ऐकू यायचा. ८ मार्चला दुजैलाचा हल्ला फसला. जानेवारी ते एप्रिलच्या सगळ्या प्रयत्नांत मिळून त्या फौजेतले सुमारे २३ हजार ठार-जखमी झाले. आत अडकलेल्यांपेक्षा जास्त. एप्रिलमध्ये विमानांनी पिठाची पोती टाकली. त्यातली काही नदीत पडली, काही तुर्कांकडे. २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' नावाची बोट २७० टन शिधा घेऊन निघाली, ती कुटला पोचण्याआधीच पकडली गेली.

आत्याला मी विचारलं, म्हातारा जेवायचा कसा? ती म्हणाली, "भाकरीचा तुकडा मोडला की खाली परातीत पडलेलं पीठ बोटाने टिपून खायचा. आणि पाथरीची, घोळीची भाजी दिसली की उपटून आणायचा, कुणाच्या का शेतात असेना. बायका चिडवायच्या." अशा गोष्टी कुठल्याच अभिलेखागारात नाहीत. म्हणून म्हाताऱ्या माणसांना 'लढाईत काय केलं' हे विचारू नका. त्यांना माहीत नसतं, मग ते सिनेमा सांगतात. 'जेवायचे कसे, झोपायचे कुठे, कशाला घाबरायचे' हे विचारा. आणि रेकॉर्डिंग आधी सुरू करा, मग विचारा.

६. २९ एप्रिलनंतरचा माग

सुमारे १३ हजार माणसं शरण गेली, त्यात लढणारे नसलेले कामकरीही आले. वरच्या अंगाला शुमरानच्या तळावर भुकेल्या पोटी टणक तुर्की बिस्किटं खाऊन कित्येक मेले. तिथून चालत बगदाद, पुढे मोसुल, आणि आपल्यातले बरेचसे रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर. या टप्प्याला पलटणीची रोजनिशी नसते. इथे रेडक्रॉसची कार्डं आणि अभिलेख पटलवरच्या कैद्यांच्या फायली बघा. मृत्यूची तारीख १९१६ चा उन्हाळा ते १९१८ यात असेल आणि ठिकाण लिहिलेलं नसेल, तर माणूस बहुधा या वाटेवर गेला. घरी 'बेपत्ता' म्हणून कळवलेलं असू शकतं. कोतवाल बुकात मृत्यूची नोंदच नसते ती यामुळे, आणि वारसनोंदीचे घोळ तिथूनच सुरू होतात.

७. चावडीवरचा फलक

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या अनेक गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक छोटा संगमरवरी फलक असतो. इंग्रजीत दोन ओळी: १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. नावं नाहीत, फक्त आकडे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. फलकावरचा आकडा आणि तुम्हाला कमिशनच्या यादीत गावाच्या नावाने मिळालेली माणसं जुळवून बघा. आमच्या गावात फलकावर सात आहेत, मला यादीत चार मिळाली. उरलेल्या तिघांची स्पेलिंग अजून शोधतोय.

यादीत चूक सापडली, तर पुराव्यासकट कमिशनला लिहा. ते दुरुस्त्या घेतात. पदकाच्या कडेचा फोटो, कोतवाल बुकाची नक्कल आणि तिचं इंग्रजी भाषांतर जोडा.

आणि फलकाचा फोटो या सुट्टीतच काढून ठेवा. शाळेला रंग द्यायचं काम निघालं की रंगारी भिंतीबरोबर फलकावरूनही ब्रश फिरवतो. आमच्याकडे फिरवला. 'गेले' पुढचा आकडा रंगाखाली आहे, आणि मी तो नखाने खरवडून वाचलाय.